बारकीची बॅरलं आणि माझी साखर

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात आईनं रुखवतात दोन निळी बॅरलं मांडली होती. प्लॅस्टिकची, कमरेच्या वर येणारी, घट्ट झाकणाची. लोकांच्या रुखवतात कापसाचे ससे असतात, लोकरीची तोरणं असतात, कुणी शेवयांचा बंगला करतं. आमच्या मांडवात ही दोन धुडं उभी आणि त्यांच्या गळ्यात झेंडूच्या माळा. वऱ्हाडातल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईला बाजूला घेऊन म्हटलं, "अगं, पोरगी नदीकाठाला चाललीया. दारातनं कृष्णा दिसती त्यांच्या." आई म्हणाली, "दिसंना का. घरात भरलेलं आसलं की जिवाला बरं आसतंय."

आमचं गाव वडूजच्या पलीकडं, खटावच्या कोरड्या अंगाला. आजोबांपर्यंत आमची मेंढरं होती, वडिलांनी ती विकून ज्वारी धरली. नळाला पाणी येईल त्या दिवशी येतं. ते आलं की शाळा, स्वयंपाक, पाव्हणा सगळं बाजूला. तांब्यापासून कढईपर्यंत हाताला लागेल ते भरून ठेवायचं. आणि भरलेलं पाणी ओतायचं नाही. शिळं झालं तर भांड्यांना, त्याहून शिळं झालं तर म्हशीला, आणि अगदीच वास मारायला लागलं तर लिंबाच्या झाडाला. पाणी नुसतं जमिनीवर ओतून देताना मी आमच्या घरात कुणाला पाहिलेलं नाही. लहानपणी माझ्या हातून एकदा कळशी लवंडली, तेव्हा आईनं मला मारलं नाही. ती नुसती खाली बसून त्या ओल्या मातीकडं बघत राहिली. मार परवडला असता.

बारकी, म्हणजे ही माझी बहीण, हे सगळं अंगात घेऊन सांगलीच्या अलीकडच्या त्या नदीकाठच्या गावात नांदायला गेली. तिच्या सासरच्यांचे पणजेही मेंढरंवालेच. दरसाल मेंढरं घेऊन नदीकडं उतरायचे, एका साली तिथंच जमीन धरून राहिले. त्यांच्या वाट्याला नदी आली, आमच्या वाट्याला माळ. आता त्यांचा सगळा ऊस आहे. सासरे फौजेतून रिटायर झालेले, नवराही फौजेत. बारकीनं गेल्या गेल्या दोन्ही बॅरलं न्हाणीच्या मागं कढीपत्त्याच्या सावलीत मांडली आणि काठोकाठ भरली. सासू म्हणायची, "आमची सून लय श्रीमंत हाय बाई, दोन तळी घिऊन आलीया." बारकी हसायची आणि पुन्हा भरायची. वरचं थोडं वापरायचं, तेवढंच वरून भरायचं. तळ म्हणून कधी दिसू द्यायचा नाही.

पुढं एका पावसाळ्यात नदी गावात शिरली. त्यांचं घर उंचवट्यावर म्हणून वाचलं, पण लाइट गेली, नळयोजना बंद पडली, आणि चहूकडं पाणी असून प्यायला थेंब नाही अशी गत झाली. तेव्हा सगळ्या आळीनं बारकीच्या बॅरलातलं पाणी नेलं. पूर ओसरल्यावर सासूनं स्वतः बाजारातून तिसरं बॅरल आणलं. आता बारकीला बोलणारं कुणी उरलं नाही. आरोग्य खात्याच्या आशाताई घरोघरी यायच्या, डास होतात, आठवड्यातनं एकदा सगळं उपडं करून कोरडं करा म्हणून सांगायच्या, बारकी मान डोलवायची. झाकण लावायची नाही, कारण सारखा तांब्या बुडवायचा असतो. वर गोणपाट टाकलं की झालं. पाठ फिरली की मला फोनवर म्हणायची, "तिचं म्हायेर कराडचं, दोन नद्यांच्या मदलं. भरलेलं बॅरल ओता म्हणती. तिला काय ठावं?" मी पुण्यातनं ओरडायची, "अगं बये, ती बरोबर सांगतीय." बारकी म्हणायची, "व्हय आक्का," आणि विषय बदलायची.

पुण्यात मी एका प्रयोगशाळेत काम करते. माझं काम साखरेचं. हे कळलं तेव्हा बारकीचे सासरे भलतेच खूश झाले. भेटतील तेव्हा विचारायचे, "मग मॅडम, औंदा साखरंचा उतारा कसा काय?" एकदा मी चिडून त्यांना समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. म्हटलं, रोगाचा विषाणू अंगात शिरला की आपलं रक्त त्याला धरणारे पदार्थ तयार करतं, त्यांना अँटिबॉडी म्हणतात. त्या प्रत्येक अँटिबॉडीच्या दांड्यावर साखरेच्या कणांची एक बारीकशी फांदी असते. ही चहातली साखर नव्हे आणि तुमच्या उसातली तर नव्हेच. पण त्या फांदीवर एखादा ठरावीक कण आहे की नाही, एवढ्यावर ती अँटिबॉडी आपल्याच पेशींना किती जोरात धरणार हे ठरतं. विषाणू तोच असून एकाला नुसता ताप येतो आणि दुसरा मरणाच्या दारात जातो, त्यामागं पुष्कळदा ही साखर असते, असं आम्हाला दिसतंय. सासऱ्यांनी फौजी शिस्तीत सगळं ऐकलं. मग म्हणाले, "म्हंजे तुमी कारखान्यात न्हाई." "न्हाई." "मग पेन्शन बसती का?"

लग्नानंतर दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी बारकीला डेंग्यू झाला. अंग ठेचून निघाल्यासारखं, डोळ्यांच्या मागं ठणका, पेशी जरा उतरल्या. जो येईल तो पपईच्या पानांचा रस नाहीतर किवी घेऊन. थोड्या दिवसांत उठून ती पाणी भरायला लागली. सासू मला फोनवर म्हणाली, "झालं त्ये बरंच झालं. एकदा हून गेला की सुटका. गोवरासारकं." मी म्हटलं, डेंग्यूचं तसं नसतं, त्याचे चार प्रकार असतात, एक होऊन गेला तरी दुसरा होतो आणि दुसऱ्या वेळी जास्त वाईट होऊ शकतो. त्या म्हणाल्या, "आवं ताई, चार आसतील तुमच्या पुण्यात. आमच्या गावाला येकच आलाय."

मग बारकीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी आली. मुलगी झाली, गोरी नाही, काळी नाही, आमच्या आईच्या रंगाची आणि आईसारख्याच रागीट भुवयांची. सहावा महिना सरता सरता सासरी उष्टावण केलं. खीर मामानं भरवायची असते. आम्हाला भाऊ नाही, तेव्हा मामाचं काम माझ्याकडं आलं. मी चांदीच्या वाटीतली खीर बोटावर घेऊन तिच्या तोंडाला लावली, तर पोरीनं माझं बोटच पकडलं आणि सोडेना. सासू म्हणाली, "मामा लय आवडला गं हिला." सगळे हसले. मी पुण्याला परत आले तरी त्या बोटाला कितीतरी वेळ तिचं बोळकं जाणवत होतं.

थोड्याच दिवसांत बारकीचा फोन आला. बाळाला ताप आहे, उतरत नाही, दूध घेत नाही, गावच्या डॉक्टरांनी सांगलीला न्यायला सांगितलंय. आणि मग तिनं सांगितलं, "तपासलं आक्का. डेंगू निगाला." मी हातातलं काम तसंच टाकलं आणि सांगलीची गाडी धरली.

गाडीत मला काही सुचत नव्हतं असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. उलट मला सगळंच सुचत होतं. कराडचा पूल ओलांडताना मी खिडकीतनं नदीकडं बघत होते आणि डोक्यात आमच्या कामाचं पानन् पान उलगडत होतं. आई बाळाला पोटात असताना आपल्या अँटिबॉडी देते. वार, म्हणजे गर्भाशयातली प्लासेंटा, त्या निवडून, पोचवून देते. जन्मल्यावर पहिले काही महिने बाळ त्याच शिदोरीवर जगतं. मग ती हळूहळू सरते. डेंग्यूच्या बाबतीत गोची अशी की ती भरपूर असते तोवर राखण करते, आणि सरत आली की उलटू शकते. उरलेल्या थोड्या अँटिबॉडी विषाणूला नीट मारत नाहीत, धरून मात्र ठेवतात आणि सरळ बाळाच्या पेशीत नेऊन सोडतात. आणि त्या अँटिबॉडीवर तो साखरेचा एक कण नसेल, तर त्या पेशींना असं घट्ट धरतात की सगळं अंग पेटून उठतं. ज्या बाळांना जास्त होतं त्यांच्या आयांच्या अँटिबॉडीवर ती साखर कमी आढळते, हे मी लोकांना पडद्यावर चित्रं दाखवून शिकवलेलं आहे. बारकीला डेंग्यू होऊन गेलेला. बाळाला सहावा सरून सातवा लागलेला. एवढं माहीत असून मला त्या गाडीत फक्त बसून राहायचं होतं.

सांगलीचं ते लहान मुलांचं हॉस्पिटल माणसांनी गच्च भरलं होतं. बाळाला आत अतिदक्षता विभागात ठेवलेलं, आत एका वेळी एकच माणूस. बाहेर बाकावर माझी आई आणि बारकीची सासू शेजारी शेजारी. आईनं गावाकडनं मीठ-मोहऱ्यांची पुडी आणली होती. सिस्टर तिला आत ओवाळू देईना, तर ती पुडी मुठीत धरून काचेकडं तोंड करून बसली होती. मला तिचा हेवा वाटला. तिच्याकडं निदान पुडी होती.

डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा लहान असतील, डोळे झोपेनं सुजलेले. मी त्यांना गाठून भडाभडा विचारत सुटले. रक्त किती दाट झालंय, यकृत किती वाढलंय, सलाईन कोणत्या वेगानं. त्यांनी सगळ्याची उत्तरं दिली आणि मग विचारलं, "तुम्ही डॉक्टर आहात?" म्हटलं, "नाही, मी यावर संशोधन करते. अँटिबॉडीवरच्या साखरेवर." त्या क्षणभर आशेनं बघत राहिल्या. "मग काही आहे का तुमच्याकडं? म्हणजे देता येण्यासारखं?" मी म्हटलं, "नाही." त्या म्हणाल्या, "बरं. बसा मग. चहा घ्या." त्यात कुचकेपणा नव्हता, खरंच चहा घ्या म्हणाल्या.

बारकीच्या नवऱ्याचा फोन लागेल तेव्हा लागायचा. तो कुठल्याशा डोंगरात, सुट्टी मंजूर झालेली पण खाली उतरायचा रस्ता बंद. मला म्हणाला, "आक्का, तुमी हाय न्हवं तितं? मग मला टेन्शन न्हाई. तुमचंच काम हाय ह्ये." मी "व्हय" म्हटलं. दुसरं काय म्हणणार, तुमी टेन्शन घ्या?

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळाचा ताप उतरला. सासूनं आतून बाहेर येऊन हात जोडून कपाळाला लावले, खाली जाऊन दुकानातून साखर आणली आणि बाकावरच्या प्रत्येकाच्या तळहातावर चिमूट चिमूट ठेवत सुटली. ओळखीचे, बिनओळखीचे, सगळ्यांच्या. "उतरला बगा ताप. माजी नात सुटली." आईनं साखर तोंडात टाकली आणि डोळे मिटले. मी ती चिमूट मुठीत धरून उभी राहिले. डेंग्यूत खरा धोका ताप उतरल्यावर सुरू होतो. तेव्हाच रक्तवाहिन्या पाझरायला लागतात. हे मला माहीत होतं, आत डॉक्टरीणबाईंना माहीत होतं, आणि त्या बाकावर दुसऱ्या कुणालाही माहीत नव्हतं. मी सांगू का नको करत राहिले आणि माझ्या मुठीत साखर घामानं चिकट झाली. शेवटी मी ती नळाखाली धुऊन टाकली.

दुपारपर्यंत बाळाचे हातपाय गार पडले. पोट फुगलं. ती रडायचीही थांबली. मोठ्या माणसाला सलाईन धडाधड लावता येतं. एवढ्याशा जीवाला कमी पडलं तर रक्त आटतं आणि जास्त झालं तर छातीत पाणी साचतं. डॉक्टरीणबाई लंगोटाचं वजन करून बघत होत्या, लघवी किती झाली म्हणून. सासूचा चेहरा बघवत नव्हता. ती मला म्हणाली, "आवं, ताप तर उतरला न्हवं? मग ह्ये काय?" मी सांगितलं. सांगून झाल्यावर ती म्हणाली, "मग सकाळी साखर वाटताना का न्हाई बोलला?" एवढ्या माणसांच्या हातावरची साखर परत कशी घेणार?

त्याच दुपारी बारकी आतून बाहेर आली. तिच्या हातात मोबाइल होता. शेजारच्या खाटेवरच्या बाळाच्या मावशीनं तिला एक व्हिडिओ पाठवला होता. ती मला जिन्याजवळ घेऊन गेली.

"आक्का, ह्ये बग. हा मानूस म्हणतोय, आईला आदी डेंगू हून गेला आसला तर पोटात आसतानाच बाळाला त्याचं कायतरी जातंय, आन मग बाळाला जास्त होतोय. खोटं हाय न्हवं?"

मी व्हिडिओ बघितला. गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेला एक बाबा, मागं भीतीदायक संगीत. इतका राग आला मला त्याचा. नीट ऐकलं तर त्यात चार चुका होत्या. पण मूळ मुद्दा चूक नव्हता.

"अर्धवट सांगतोय तो," मी म्हटलं.

"म्हंजे अर्दं खरं हाय."

"बारके, ऐक. आई जे देते ते बाळाला जपायलाच देते. सगळ्याच आया देतात. गोवराचं, धनुर्वाताचं..."

"म्या गोवराचं इचारलं न्हाई. तू खोटं हाय म्हण, न्हाईतर खरं हाय म्हण."

लहानपणापासून ती माझं तोंड बघून ओळखते. मी काही बोलायच्या आधीच ती जिन्याच्या पायरीवर बसली. मग मी तिच्या शेजारी बसले आणि तिला कळेल असं सांगितलं. म्हटलं, आजोबांची आकडी आठवती का तुला? बाभळीच्या शेंगा पाडायला लांब काठी आणि टोकाला लोखंडी आकडा. बेताचा आकडा असला की फांदी वाकून खाली यायची, शेंगा पडायच्या. पण आकडा जरा जास्त वळलेला असला की फांदी अडकायची आणि ओढली की मोडूनच यायची. अँटिबॉडी म्हणजे ती काठी. आणि आकड्याचा बाक ठरतो त्या साखरेवर. काठी सगळ्यांचीच सारखी दिसते, बाकात फरक असतो. कुणाचा कसा, हे बाहेरून कुणाला दिसत नाही. त्यात कुणाचा हात नसतो, तुझाही नाही.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग ड्रेसची बाही कोपरापर्यंत वर सारली, बांगड्या मागं ढकलल्या आणि हात माझ्यापुढं धरला.

"घे रक्त. तुज्याकडं मशीन हाय न्हवं? माजा आकडा कसा हाय बग."

"बघून काय करणार आहेस?"

"मला कळाय पायजे. माज्यामुळं झालं का न्हाई."

"एकट्या तुझं रक्त बघून ते सांगता येत नाही. पुष्कळ आयांचं रक्त एकत्र मांडलं की आम्हाला दिसतं, की असं असेल तर तसं व्हायचा संभव जास्त. एका आईपुरतं, एका लेकरापुरतं नाही सांगता येत. डास वेगळा चावला असता, ताप महिनाभर आधी आला असता, तरी सगळं वेगळं झालं असतं."

"बरं. मग ती साखर बदलायचं औषद दे."

"नाही गं औषध."

"माज्यातली न्हाई तर न्हाई. तिच्यातली बदल."

"तिच्यातलीही नाही बदलता येत."

तिचा हात अजून तसाच पुढं. "मग आक्का, तू इतकी वर्सं करतीस काय तितं?"

टोचून बोलायचं असतं तर मला बरं वाटलं असतं. मी भांडले असते, मला भांडता येतं. पण तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी तिची बाही खाली केली आणि म्हटलं, "बघते. फक्त बघते." तेवढ्यात सिस्टरनं बाळाच्या आईला बोलावलं आणि ती पळत आत गेली.

ती संध्याकाळ कशी गेली ते मला लिहायचं नाही. आई बाकावर, सासू बाकावर, सासरे भिंतीला पाठ लावून पहाऱ्यावर असल्यासारखे ताठ उभे. मी काचेतनं आत बघत होते. मला आतल्या प्रत्येक नळीचं कारण माहीत होतं. ते बाळाच्या काही कामाचं नव्हतं.

पोरगी चिवट निघाली. रक्ताचा दाटपणा आधी थांबला, मग उतरायला लागला. हातापायांना ऊब आली. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "आता वाटतंय बरं. भूक लागलीय तिला, आईला पाजू दे." या वेळी सासूनं साखर वाटली नाही. ती फक्त माझ्याकडं बघून म्हणाली, "आता हसू का?" मी म्हटलं, "हसा."

पण बारकी पाजेना. बाळ किंचाळतंय, दूध येऊन कपडे भिजलेत, आणि ही भिंतीकडं तोंड करून बसलेली. "माजं कायबी नको आता तिला. डबा आना." मी आत घुसले. सिस्टर नको म्हणत असताना घुसले. आणि आयुष्यात पहिल्यांदा माझं सगळं शिक्षण एकवटून मी तिच्यावर खेकसले, की दुधातल्या अँटिबॉडी वेगळ्या असतात, त्या पोटातच राहून राखण करतात, रक्तात जात नाहीत म्हटलं तरी चालेल, आणि पोटात असताना जे जायचं ते जाऊन गेलं, त्याचा दुधाशी संबंध नाही. बारकी हलली नाही. मग आमची आई आली. आईला यातलं ओ की ठो कळत नाही. तिनं बाळ उचललं, बारकीच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "तुज्यातलंच हाय त्ये. आता तुज्यातल्यानंच वाडंल." बारकी रडत रडत पाजायला लागली. आईनं एका दमात सांगितलेलं माझ्या शास्त्रापेक्षा वेगळं नव्हतं, पण त्यातला पहिला भाग ऐकून बारकीचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं होतं.

बाळाला घरी आणलं त्या दिवशी मी आणि आई बरोबर गेलो. दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. बारकीनं बाळ सासूच्या मांडीवर दिलं आणि चपलाही न काढता सरळ न्हाणीच्या मागं गेली. आम्ही मागोमाग. तिनं पहिल्या बॅरलावरचं गोणपाट ओढून फेकलं. आत उन्हाचा कवडसा पडला होता आणि त्यात बारीक बारीक अळ्या वळवळत वरखाली करत होत्या. त्याच अळ्यांतला डास बाळाला चावला की शेजारच्या गोठ्यातला, हे सांगणारी कुठलीही प्रयोगशाळा नाही. बारकीला सांगायची गरज नव्हती. तिनं बॅरलाला खांदा लावला. हलेना. मी हात लावला तेव्हा ते कलंडलं आणि सगळं पाणी कढीपत्त्याच्या बुडातनं उसाच्या सरीकडं धावलं. मग दुसरं. मग सासूनं आणलेलं तिसरं.

आई बघत उभी होती. तिचा हात आपोआप पुढं आला, मागं गेला, पुन्हा आला. शेवटी तिला राहवलं नाही. तिसऱ्या बॅरलातलं तळाचं पाणी तिनं बादलीत धरलं. "भांड्याला हुईल," ती हळूच म्हणाली. बारकीनं तिच्या हातातनं बादली काढून घेतली आणि तीही ओतली. आई मातीकडं बघत खाली बसली, माझी कळशी लवंडली होती तेव्हा बसली होती तशीच.

बारकी ओल्या हातानं कोपर खाजवत उभी राहिली, जिथनं मी तिचं रक्त घेतलं नव्हतं तिथं. म्हणाली, "ह्ये झालं ओतून. आक्का, आन हितलं गं? दुसरं लेकरू झालं तर त्येला बी जाणार न्हवं? हितलं कसं ओतू?"

मी बादली उचलून भिंतीला उपडी ठेवली. मग तिन्ही बॅरलं एकेक करून उपडी केली. मला करता येण्यासारखं तेवढंच होतं आणि ते मी अगदी नीट केलं.

घरात बाळ रडायला लागलं. बारकीनं ओढणीला हात पुसले, चपला काढल्या, आणि आत जाता जाता उंबऱ्यावर थांबून माझ्याकडं वळून बघितलं.

"पाजू न्हवं?"

"पाज," मी म्हटलं.

आता बाळ चालायला लागलंय, अजून अंगावर पितंय. बारकी अजूनही फोनवर मधेच थांबते आणि तेच विचारते.